पाचर

शुक्रवारी दुपारी दोन वाजता
मी फळा पुसते आणि मागच्या बाकावर जाऊन बसते.
डुलूथमधली विटांची जुनी शाळा, तिसरीचा वर्ग,
तासभर मुलांचं राज्य:
ज्याला जे शोधायचंय त्यानं ते शोधावं.

इफ्राहला उंटाचे दात हवेत.
मेरेनकडे चार बाटल्या पाणी, गोठलेल्या सरोवराचं;
बर्फाला भोक कुणी पाडलं ते ती सांगत नाही.
पा न्हिया आजीच्या भरतकामातले टाके मोजते,
मध्येच चुकते, स्वतःवर चिडते, पुन्हा पहिल्यापासून.
डेसमंडला कळून घ्यायचंय, जांभई कशी पसरते;
त्याच्या टेबलाभोवती आम्ही सगळेच पेंगतो.

एल्डन म्हणाला, "काहीच नाही."
"काहीच नाही म्हणजे?"
"मला काहीच शोधायचं नाही."

सहा शुक्रवार तो हीटरशेजारी बसून राहिला,
गाल हातावर, बाहेर बर्फ.
माझ्या तक्त्यात त्याच्या नावापुढचा रकाना कोरा.
मुख्याध्यापिका दारातून डोकावल्या, त्याच्याकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
मी उगाच पेन्सिलींना टोक करत बसले.

खरं सांगायचं तर घाई मलाच झाली होती.
ज्वालामुखीचं पुस्तक नेऊन ठेवलं त्याच्यापुढे, मग डायनोसॉरचं.
त्यानं दोन्ही नीट, कडेला कड लावून, बाजूला सारली.

कराडच्या शाळेत मी एकदा विचारलं होतं,
दोन नद्या मिळतात तिथे पाण्याला कळतं का,
आपण आत्ता एक झालो म्हणून?
"हे परीक्षेला नाही," निमकर सर म्हणाले,
आणि वर्ग पुढच्या धड्यावर गेला.
मीही गेले.

सातव्या शुक्रवारी त्याच्या बाकावर रेघा दिसल्या,
पेन्सिलीच्या, पाच-पाचचे जुडगे, ओळीनं.
ओरडणारच होते.
"हीटर ठोके देतो," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता.
"दोन दहाला सुरू होतो. आज एकोणतीस.
सोमवारी सकाळी सगळ्यात जास्त.
शनिवार-रविवार तो गारठलेला असतो ना."

तळघरात बॉयलर, आणि बॉयलरपाशी मिस्टर व्होयचिक,
ज्यांना आठ वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं.
ते इतकं बोलले की तास संपला, बाहेर बस लागल्या:
वाफ वर जाते, पाणी होऊन परत येते,
वाटेला उतार नसेल तर दोघांची गाठ पडते,
आणि मार बसतो लोखंडाला.
जिना चढताना एल्डनच्या मुठीत लाकडाची पाचर होती,
बोटाएवढी, एका टोकाला निमुळती.

आमच्याकडे पाचर मारतात ती काम अडवायला.
इथे व्होयचिकनी पहारीनं हीटर जरासा उचलला
आणि पोटावर झोपलेल्या नऊ वर्षांच्या पोरानं
ती सारली पायाखाली.

दोन दहा. दोन पंधरा.
पेन्सिली ऐकू आल्या. कुणाचं तरी वाहतं नाक.
इफ्राहनं मान वर केली, "कुठे गेला तो?"
मेरेनला चुकल्याचुकल्यासारखं झालं.
डेसमंड तर रुसलाच,
म्हणे माझ्या जांभयांची मोजणी त्याच्यावर चालायची.
एल्डन कितीतरी वेळ हीटरला कान लावून उभा.

पालक आले त्या दिवशी त्याचं टेबल नव्हतं.
रकान्यात काय लिहू, विचारलं, तर खांदे उडवले.
"लिहा, अजून झालं नाही."
शेजारच्या वर्गातला म्हणे वेगळ्याच सुरात ठोकतो.

पुढच्या शुक्रवारी हीटरजवळची जागा रिकामी होती.
मी तिथे जाऊन बसले.
बाकावरच्या रेघा अजून तशाच,
पुसायच्या राहिल्यात.